न पाहिलेल्या पेशी

"मॅडम, कॅन्सर पेशीचाच असतो ना?"

मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढताच तिने विचारलं. अकरावीचं प्रात्यक्षिक चाललं होतं. दातकोरणीने गालाच्या आतली बाजू हलकेच खरवडायची, जे निघेल ते काचपट्टीवर पसरायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि बघायचं. पोरी आधी "ई" करतात, एकमेकींना ढकलतात. मग एकीला दिसतं. फिकट निळे, कडा दुमडलेले, वेडेवाकडे तुकडे आणि प्रत्येकाच्या मधोमध एक गडद ठिपका. मी म्हणते, "ही तू आहेस." त्या वाक्यावर दरवर्षी कुणीतरी हसतं. ही हसली नव्हती.

"हो, पेशीचाच," मी म्हणाले. "पेशीने कुठे थांबायचं ते ठरलेलं असतं. ती थांबेनाशी झाली, वाढतच सुटली, की त्याला कॅन्सर म्हणतात."

"मग कॅन्सर हाय का न्हाई ते बघायला पेशीच बघावी लागंल?"

"लागेलच की. संशय असेल तिथल्या पेशी काढायच्या, रंगवायच्या आणि अशाच काचेवर घेऊन बघायच्या. त्यांचा मायक्रोस्कोप आपल्यापेक्षा चांगला असतो, एवढंच."

ती सरळ उभी राहिली. "माझ्या आईची तर कुणी पेशी काढलीच न्हाई. मग डॉक्टरला कसं कळलं?"

मी केजपासून थोड्या अंतरावरच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्या पटावर भरपूर मुलं आहेत आणि वर्गात बाकडी रिकामी आहेत. पटावरची बरीचशी मुलं लातूरला क्लासला बसलेली असतात. इथे ती फक्त परीक्षेपुरती उगवतात. डॉक्टर व्हायचं असतं त्यांना. वर्गात उरतात ती ज्यांना लातूर परवडत नाही. त्यातल्या निम्म्यांचे आईबाप दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्यातच परत येतात. या मुलांसाठी मायक्रोस्कोप काढायला कशाला पाहिजे, असं आमच्याकडे सगळ्यांचं मत होतं. मी रुजू झाले तेव्हा मायक्रोस्कोप कपाटात कुलूपबंद होते आणि किल्ली क्लार्ककडे होती. "फुटलं तर जबाबदार कोण?" तो म्हणायचा. मी म्हणायचे, "मी." तरी देत नव्हता. शेवटी भर स्टाफरूममध्ये भांडून मी किल्ली घेतली. ती अजून माझ्याच पर्समध्ये आहे. प्रात्यक्षिकाचे मार्क आमच्याकडे सगळ्यांना मिळतात, काचपट्टी हातात न धरता. सगळ्यांचं छान चाललेलं असतं.

तास संपल्यावर ती मुलगी थांबली. आईला बरेच महिने अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. गावातल्या बायकांनी सांगितलं म्हणून आईबाप जवळच्या बाजाराच्या गावी एका खासगी डॉक्टरकडे गेले. त्याने सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, आज काढली नाही तर उद्या कॅन्सर होईल. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या भागात तो शब्द कुणी उच्चारत नाही. पिशवी म्हणतात. बाजारात न्यायची, भरायची, फाटली की टाकायची वस्तू असावी तसं.

"आईचं वय काय?"

तिने बोटांवर हिशेब केला. पस्तिशीही नव्हती उलटली.

माझं डोकं तिथेच फिरलं. ही गोष्ट मला नवीन नव्हती. या जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाच नवीन नाही. पावसाळा सरत आला आणि उसाचा हंगाम जवळ आला की काही दवाखाने बायकांनी भरतात. आम्ही ते बघतो, हळहळतो आणि बस पकडतो. पण इथे एक सोळा वर्षांची मुलगी माझ्यासमोर उभी होती. मी शिकवलेलं तिला कळलं होतं, आणि कळल्यामुळेच ती घाबरली होती. पुस्तकात असं घडण्याची सोय केलेली नसते. तिथे पेशीचं चित्र असतं, रंगीत, मिठाईच्या ताटासारखं. हे केंद्रक, ही तंतुकणिका, ही पेशीभित्तिका, ही फक्त वनस्पतीत असते. नावं द्या, मार्क घ्या.

त्याच आठवड्यात मी तिच्या घरी गेले. पत्र्याचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, बाजूला मोगलाई एरंडाचं कुंपण. आई चुलीपाशी होती. उंच, सडपातळ बाई. मला बघून तिने पदर सारखा केला आणि पोरीकडे असं बघितलं की मला पोरीचीच काळजी वाटली. बाप खाटेवर बसला होता, तो उठून उभा राहिला. थोड्या वेळाने शेजारच्या घरातून आईची जाऊ आली. ठेंगणी, हसरी, तोंडाळ. मुलगी तिला काकी म्हणायची.

मी माझं सगळं सांगितलं. सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. सोनोग्राफीत आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. कॅन्सर आहे की नाही ते पेशी बघूनच ठरतं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते. मी सोबत येते.

बाप म्हणाला, "पर डॉक्टर खोटं कावून बोलंल, मॅडम?"

याचं उत्तर अंगणात उभं राहून कसं द्यायचं? मी म्हणाले, "खोटं बोलले की नाही ते मला माहीत नाही. पण त्यांनी बघितलेलं नाही, एवढं नक्की."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमचं खरंच असंल. पर मला एक सांगा, पिशवी ठिवून मी काय करू? लेकरं झाली माझी. पाळी आली म्हणून ऊस थांबत न्हाई. दवात भिजलेल्या फडात उभं ऱ्हायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं. बदलायला आडोसा न्हाई, धुवायला पाणी न्हाई. तीच फडकी ओली तशीच. एक रोज पडून ऱ्हायलं की मुकादम खाडा धरतो, अन् नवऱ्याचाबी धरतो, कारण आमी दोघं मिळून एक कोयता. तुमी कालिजात सुट्टी टाकता. मी कुठं टाकू?"

ती ओरडली नाही. पण तिच्या आवाजातला राग माझ्या रागापेक्षा जुना होता, आणि तो माझ्यावरही होता. का नसावा? मी बॅग खांद्याला लावून, रिक्षा थांबवून आले होते तिला तिच्याच शरीराविषयी सांगायला.

जाऊ हसत म्हणाली, "माझं तर ठरलंया. पुढल्या बुधवारी त्याच डॉक्टरनं बोलवलंय. एकदा काढली की कटकट न्हाई. आमच्या गल्लीत निम्म्या बायांनी काढली."

"त्या बऱ्या आहेत का?" मी विचारलं.

"चालतंय," ती म्हणाली. आणि अंगणातली कोंबडी हाकलायला वळली.

मग मी आवाज खाली घेतला. मी म्हणाले, "काढायची की नाही, ते तुम्ही ठरवा. शरीर तुमचं आहे. पण कॅन्सरच्या भीतीने काढू नका. आधी तो आहे का ते बघू. नसेल, आणि तरी काढायची असेल, तर मी एक शब्द बोलणार नाही." आणि पिशवीसोबत काय काय जातं ते सांगितलं. पिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशय असतात, तेही काढले तर बाईचं वय एकदम वाढतं, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात.

मुलगी मध्येच म्हणाली, "आई, चल ना. बघायला काय जातंय?"

आईने तिच्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. "जाऊन येते," ती म्हणाली. जावेलाही मी चल म्हटलं. तिचा नवरा आधीच पैसे भरून आला होता. ती हात हलवत घरात गेली.

आम्ही एसटीने अंबाजोगाईला गेलो. दवाखान्यात ही रांग. केसपेपर, मग रांग, मग दुसऱ्या मजल्यावर पुन्हा रांग. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि अंगणात बोलणारी बाई हीच का, असं वाटण्याइतकी गप्प झाली. आमचा नंबर आला तेव्हा समोर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कसेतरी क्लिपमध्ये अडकवलेले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. आईकडे बघून विचारलं, "काय होतंय, ताई?" आणि मग ऐकत राहिली. मी इतक्या रांगांमध्ये उभी राहिले ती कशासाठी, ते त्या ऐकण्यात मला कळलं.

पडद्याआड तपासणी झाली. गर्भाशयाच्या तोंडावरून एक लहानसा ब्रश फिरवायचा, जे येईल ते काचपट्टीवर घ्यायचं, पट्टी लगेच स्पिरिटमध्ये बुडवायची. आई बाहेर आली, निऱ्या ठीक करत.

"झालं?" तिने मला विचारलं. "येवढंच व्हतं?"

"एवढंच."

ती बाकावर बसली. मग तिच्या तोंडून त्या खासगी डॉक्टरसाठी एक शिवी निघाली, इतकी अस्सल की शेजारची बाई वळून बघायला लागली. मला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात बुधवार आला आणि जावेचं ऑपरेशन झालं.

रिपोर्ट आणायला आम्ही पुन्हा गेलो. त्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. कॅन्सरकडे झुकलेल्याही नव्हत्या. जंतुसंसर्ग होता, त्याने सूज होती. गोळ्यांचा कोर्स, तोही नवराबायको दोघांना. डॉक्टर मुलीने कागदावर चित्र काढून आईला समजावलं. योनीत चांगले जंतू राहतात, अगणित. दह्यात असतात त्यांच्या नात्यातले. ते तिथे आंबटपणा राखतात, म्हणून बाहेरचे वाईट जंतू टिकत नाहीत. ओली, न धुतलेली फडकी, पाणी नसणं, एकाकडून दुसऱ्याला गेलेला संसर्ग, यांनी ती घडी विस्कटते. मग नको ते माजतं.

"म्हंजी आत बी एक गावच हाय की," आई म्हणाली.

मी त्याच दिवसांत बारावीला परिसंस्था शिकवत होते. पुस्तकात नेहमीचं तळं होतं, कमळ, बेडूक, मासा, बगळा आणि बाणांनी जोडलेलं सगळं. आमच्या मुलांनी कमळ फक्त गणपतीच्या मखरात बघितलंय. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते पान मिटायला लावलं. म्हटलं, "तळं राहू द्या. तुमच्या अंगावर, तोंडात, आतड्यात एक परिसंस्था राहते, तिचं बघू." मुलींच्या बाजूला वळून मी योनीतल्या जंतूंचंही सांगितलं, शब्द न चोरता. मुलं खाली बघत होती. मुली नव्हत्या बघत खाली. आणि मी म्हणाले, "तळ्याचं पाणी बिघडलं तर पाणी कशानं बिघडलं ते शोधायचं असतं. तळंच बुजवून टाकायचं नसतं." त्या वाक्यावर माझा आवाज चढला. अकरावीचा तास नव्हता म्हणून पुढच्या बाकावर येऊन बसलेली ती मुलगी वहीत काहीतरी गिरवत राहिली. बाकीच्यांना वाटलं, मॅडमचं आज घरी काहीतरी झालंय.

आईचं दुखणं गोळ्यांनी कमी होत गेलं. पांढरं जाणं थांबलं. एक दिवस ती कॉलेजच्या फाटकाशी आली, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. "बरं हाय," म्हणाली. मग तिथेच उभी राहून तिने जावेचं सांगितलं. जावेला रात्रंदिवस अंगातून आग निघत होती. टाके सुकले होते, पण गुडघे धरले होते, घाम फुटायचा, चिडचिड व्हायची, लेकराला विनाकारण मारून मग रडत बसायची. ऑपरेशन केलेला डॉक्टर म्हणाला होता, असं होतंच, टॉनिक घ्या.

यावेळी जाऊच म्हणाली, मला तुमच्या त्या अंबाजोगाईच्या बाईकडं न्या.

तिथे सोनोग्राफी झाली. डॉक्टर मुलीने पडद्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि मग जावेला विचारलं, "ताई, अंडाशय पण काढलेत, दोन्ही. तुम्हाला सांगितलं होतं?"

जाऊ उठून बसली. तिला हसण्याची सवय होती, त्या सवयीने ती थोडी हसली. "पिशवी म्हणला व्हता तो. अजून काय काय काढलं?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मला म्हणाली, "मॅडम, तुमी त्या दिशी अंगणात सांगितलंत ना, बाजूला दोन असत्यात म्हणून? म्या डॉक्टरला म्हणलं व्हतं, आत नेताना. त्ये ठिवा म्हणलं. तो म्हणला, हां हां, झोप."

मी त्या खासगी डॉक्टरकडे गेले. रागाने गेले, आणि राग दाबायचा प्रयत्नही केला नाही. बाहेर बाकांवर बायका होत्या. पदर तोंडावर धरलेल्या, नवरे बाहेर मोटारसायकलींना टेकलेले. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर मला लगेच आत घेतलं. डॉक्टर सभ्य होता. त्याने चहा मागवला.

मी म्हणाले, "माझ्या विद्यार्थिनीच्या आईला तुम्ही पेशी न तपासता कॅन्सर सांगितला."

"मी 'होऊ शकतो' म्हणालो होतो, मॅडम."

"होऊ तर मलाही शकतो. तुमच्या मिसेसनाही होऊ शकतो. त्यांची काढली का?"

त्याने कप बशीत ठेवला. "हे बघा, या बायका मी गाडी पाठवून आणत नाही. त्या आपल्या पायांनी येतात आणि हात जोडतात, की आमची सुटका करा. उसाच्या फडात त्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे? तुम्ही जाणार आहात का तिथे पाणी घेऊन?"

अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच त्याचा दवाखाना उभा होता. बायकांच्या नशिबी आलेली ओली फडकी, आडोसा नसलेले फड, मुकादमाचा खाडा, हे सगळं त्याने निर्माण केलेलं नव्हतं. त्याने फक्त त्याचा धंदा केला होता. मुकादमाला खाडे न धरणाऱ्या बायका हव्या होत्या, याला ऑपरेशनं हवी होती, आणि दोघांच्या मध्ये एका बाईचं पोट होतं.

"आणि अंडाशय?" मी विचारलं. "ते का काढले?"

"तिच्या भल्यासाठी. पुढे तिथेही गाठ होऊ नये म्हणून."

"तिने तुम्हाला ठेवा म्हणून सांगितलं होतं."

तो हसला. वाईट हसला असंही नाही, लहान मुलाचं ऐकावं तसा हसला. "मॅडम, तिला त्यातलं काय कळणार?"

मी उठले. खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली. "माझ्या अकरावीच्या पोरीला कळलं," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन त्या बाकांवरच्या बायकांना मोठ्याने सांगितलं की तुम्हाला कॅन्सर म्हणाले असतील, तर पेशी कधी बघितल्या ते आधी विचारा. अंबाजोगाईला जा. कंपाउंडर धावत आला. दोन बायका उठल्या, एक पुन्हा बसली. मोटारसायकलीपाशी उभा असलेला एक माणूस म्हणाला, "ही कोन बाई रं? येडी हाय का?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. खबर माझ्या आधी पोचली होती. डॉक्टरांचे आणि संस्थेचे संबंध चांगले होते. गॅदरिंगला ते पाहुणे असायचे.

"मॅडम, तुमचं काम पेशी शिकवायचं," प्राचार्य म्हणाले. "पेशंटचं बघायला डॉक्टर आहेत."

"सर, त्यांनी पेशी बघितल्या असत्या तर मी गेलेच नसते."

"आणि वर्गात तुम्ही काहीबाही शिकवता अशी तक्रार आहे. मुलामुलींच्या समोर."

"अभ्यासक्रमातलंच शिकवते."

"अभ्यासक्रमात तळं आहे," ते म्हणाले. म्हणजे त्यांनी पुस्तक उघडून बघितलं होतं तर. मला त्याही स्थितीत हसू आलं, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. मला समज देण्यात आली, लेखी. मी ती घरी नेऊन कुठेतरी ठेवली, आता सापडतही नाही.

जावेने आरोग्य खात्याकडे तक्रार केली. लिहून मी दिली, सही तिची. सरकारी माणूस चौकशीला आला, चांगला पांढऱ्या शर्टातला. अंगणात खुर्ची टाकून बसला. त्याने विचारलं, "ऑपरेशनच्या कागदावर सही तुमचीच आहे ना?"

"सही माझी हाय," जाऊ म्हणाली. "पर त्यात काय लिवलंय ते मला कुणी वाचून दावलं न्हाई. अन् म्या तोंडानं न्हाई म्हणलं व्हतं."

त्याने पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"पुढलं बी लिवा की," जाऊ म्हणाली.

"लिहितो, लिहितो," तो म्हणाला, आणि गाडीत बसून गेला. मी पुढे कितीदा फोन केले, तालुक्याच्या ऑफिसच्या पायऱ्या चढले. प्रकरण वर पाठवलंय, असं सांगायचे. वर म्हणजे कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. दवाखाना चालू राहिला. आजही आहे.

दिवाळी झाली आणि ट्रॅक्टर आले. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसं. आईही गेली. ऑपरेशन केलं नाही म्हणून तिचा फड बदलला नव्हता की मुकादम. पण जाण्याआधी तिने माझ्याकडून पॅडचे गठ्ठे घेतले आणि अंबाजोगाईच्या गोळ्यांचं नाव लिहून घेतलं. टोळीतल्या बायकांनी मिळून मुकादमाकडे आंघोळीला आडोसा आणि टाकीचं पाणी मागायचं, असं ठरवून ती गेली. आडोसा मिळाला. जुन्या ताडपत्रीचा. पाण्याचा टँकर मधूनमधून आला. उन्हाळ्यात परत येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मला काय वाटावं हेच कळेना. ताडपत्रीच्या एका तुकड्यासाठी बायकांना एवढं भांडावं लागतं, आणि तो नाही म्हणून आम्ही त्यांचं गर्भाशय काढतो.

जावेला मोळी उचलत नव्हती. गुडघे साथ देत नव्हते. तिला नवऱ्याने गावीच ठेवलं, म्हाताऱ्यांपाशी. वर तोंडाने सुनावलंही, की काढून काय उपयोग झाला, कोयता तर अर्धाच राहिला. ती आधी घरातच बसून असायची. मग बाहेर पडायला लागली.

एकदा पावसाळ्यात, दुपारच्या वेळी, मी केजला जीपच्या स्टँडवर उभी होते. एक काळीपिवळी भरत आली होती. त्या डॉक्टरच्या गावाला जाणारी. आत एक तरुण बाई बसली होती, कडेवर पोर, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. सासू शेजारी. आणि बघते तर जाऊ बाहेरून जीपच्या दांड्याला धरून उभी.

"कशाला चाललीस?"

"पिशवी काढायला," सासूने सांगितलं. "डॉक्टर म्हणला, कॅन्सर हुईल."

"बघितली का त्यानं? आत काय हाय ते काचंवर घिऊन बघितलं का?"

तरुण बाईने मान हलवली, नाही.

"मग उतर खाली."

"आगं पर तू कोन?" सासू म्हणाली.

जावेने उत्तर दिलं नाही. तिने आत हात घातला, त्या बाईच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि तिचं मनगट धरलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "ओ मावशी, सीट भरलीय, पैसे कोन देनार?" जाऊ त्याच्या अंगावर गेली. "तुझ्या आईची काढली का रं पिशवी? मग गप ऱ्हा की." मागचे प्रवासी ओरडायला लागले. तरुण बाई पोर सावरत उतरली, मागून सासू, शिव्या घालत.

जावेला तेव्हा मी दिसले. तिचा चेहरा घामाने थबथबला होता. अंगातल्या त्या वाफा तिला आता कायमच्या होत्या, आणि ती पदराने वारा घेत होती. "बरं झालं तुमी हाईत," ती म्हणाली. "अंबाजोगाईची गाडी कुठं लागती आता? हिला घिऊन जायचंय. तुमी चला, न्हाई तर मी चालले."

सासू म्हणत होती, घरी काय सांगू, नवऱ्याला काय सांगू. जाऊ म्हणाली, "मी येते सांगायला." आणि ती पोराला कडेवर घेऊन पुढे चालू लागली, एका पायावर जरा कलत, एसटी स्टँडच्या दिशेने.